पाण्याखालचं गाव, आप्पांच्या कागदांवरून: प्रकल्प नोंदी

आधी कामाचं स्वरूप. भीमेकाठचं आमचं जुनं गाव उजनी धरणाच्या फुगवट्यात गेलं. धरण 1980 साली पुरं झालं, त्याआधीच गावं टप्प्याटप्प्यानं उठली होती. गावाचे फोटो म्हणावेत तर दोन लग्नांचे, त्यांत माणसंच माणसं, मागे भिंतीचा एखादा तुकडा. पण चुलते आप्पा चित्रकलेचे शिक्षक. निवृत्तीनंतर त्यांनी आठवेल तसं सगळं गाव कागदावर काढून ठेवलंय. त्यावरून आत शिरून फिरता येईल असं गाव संगणकात उभं करायचं आहे. साधनं ब्लेंडर (थ्रीडी आकार बनवायला), गोडो (त्यात फिरता यावं म्हणून गेम इंजिन), क्यूजीआयएस (नकाशांसाठी) आणि क्रिटा (चित्रांसाठी), चारही फुकट. मी पुण्यात एका वास्तुविशारदाच्या ऑफिसात ड्रॉइंगं करते, त्यामुळे ब्लेंडर थोडं येत होतं. गोडो अजिबात नाही. बुडालेल्या गावांची अशी चित्रं आणखी कुणाच्या घरी असतील, तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

11 जानेवारी 2025

स्कॅनिंग. कागद ए-थ्री, जाड ड्रॉइंग पेपर, काही घडी पडलेले. मोबाइलच्या फोटोवर भागत नाही. फोनची लेन्स कडेच्या रेघा वाकवते आणि पुढे याच रेघांवर मोजमाप करायचं असतं. घरच्या स्कॅनरवर ए-फोरच बसतो. दोन तुकडे जोडले तर मधले खांब सरकले. शेवटी नकाशे छापणाऱ्या झेरॉक्सच्या दुकानात, मोठ्या स्कॅनरवर, कागदाला 50 रुपये.

दुकानदाराला निक्षून सांगा की मागचा रंग ‘क्लीन’ करू नका. पहिल्या गठ्ठ्यात मशीननं आपोआप कागद पांढराशुभ्र केला आणि आप्पांची फिकट पेन्सिल पार उडाली. शाईच्या रेघा देखण्या असतात, पण माहिती फिकट रेघांत असते. आप्पांनी क्षितिजरेषा आणि खांबांच्या खुणा कच्च्या पेन्सिलीनं मारल्यात, वरून शाई नाही. सगळा गठ्ठा पुन्हा, 600 डीपीआयला, ग्रेस्केलमध्ये. पैसे दुप्पट.

18 जानेवारी

स्कॅनमधल्या रेघा इंकस्केप या चित्रांच्या फुकट साधनानं आपोआप उचलून ब्लेंडरमध्ये आणायच्या, असा बेत होता. इंकस्केपची नेहमीची पद्धत रेघेला रेघ मानत नाही, शाईचा पट्टा मानते. त्यामुळे प्रत्येक रेघेच्या दोन्ही कडा वेगळ्या आल्या, म्हणजे एका भिंतीच्या दोन. शिवाय रेघोट्यांनी भरलेल्या सावल्या. एका कागदाचे इतके बिंदू झाले की लॅपटॉप गुडघ्यावर आला.

यात बराच वेळ गेला. आता पद्धत साधी ठेवलीय. चित्र ब्लेंडरमध्ये मागे लावायचं आणि आपण हातानं त्यावर कोपरे टाकत जायचं. आप्पांच्या सोप्याला (घराच्या पुढच्या खांबांच्या भागाला) कोपरे पन्नास-साठच्या वर नाहीत. हातानं अर्धा तास लागतो, आणि कुठली रेघ भिंत आणि कुठली सावली हे आपल्याला कळतं.

25 जानेवारी

‘अगं एआयला दे की,’ असं ऑफिसात तिघांनी सांगितलं. दिलं. एका चित्रावरून खोली ओळखणारं मॉडेल आणि चित्रावरून थेट थ्रीडी वस्तू बनवणारी एक सेवा, दोन्ही वापरून बघितलं. फोटोवर दोन्ही बरं काम करतात. रेखाचित्रात मात्र उजेड-सावली ही रेघोट्यांचीच असते. मॉडेलला त्या रेघोट्या खाचा वाटल्या आणि भिंतीवर नांगरट झाली. लिंबाच्या झाडाचा गोळा झाला. समोरून घर ठीक दिसे, पण मागे नुसता फुगा. आप्पांनी मागची बाजू वेगळ्या कागदावर काढलेली आहे, हे त्याला कुठून कळणार? त्या फुग्याची डागडुजी करण्यापेक्षा घर नव्यानं बांधणं सोपं. हा रस्ता बंद.

मडकी, रांजण, पाटा-वरवंटा अशा सुट्या वस्तूंना ती सेवा चालेल. तिथं मागची बाजू चुकली तरी कुणी भांडायला येत नाही.

2 फेब्रुवारी

पहिलं खरं चित्र हातात घेतलं. घराचा सोपा, दोन बिंदूंकडे पळणारं यथादर्शन (पर्स्पेक्टिव्ह, लांबचं लहान दिसेल असं चित्र). आप्पांनी वर्षानुवर्षं मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलंय, त्यामुळे यथादर्शन पक्कं. अशा चित्रासाठी एफस्पाय नावाचं छोटं फुकट साधन आहे. चित्रातल्या पळत्या रेघांवर चार रेघा बसवायच्या, की ते कॅमेरा कुठं होता हे काढतं आणि तोच कॅमेरा ब्लेंडरमध्ये येतो. मग त्या कॅमेऱ्यातून बघत भिंती उभ्या करायच्या.

आडव्या रेघा तंतोतंत बसल्या, पण उभे खांब सगळे कलले. बराच वेळ मी आप्पांना दोष देत होते. कारण वेगळंच निघालं. एफस्पाय धरून चालतं की चित्राचा मध्य हाच नजरेचा मध्य. फोटोत ते बरोबर असतं. हातानं काढणारा माणूस मात्र क्षितिज कागदावर कुठंही घेतो आणि खांब तरीही सरळ उभेच काढतो. या चित्रात क्षितिज कागदाच्या मध्याखाली होतं, म्हणून साधनाला वाटलं की कॅमेरा वर मान करून बघतोय. उपाय म्हणजे क्रिटामध्ये कागदाला खालून पांढरी पट्टी जोडून क्षितिज बरोबर मध्यावर आणायचं. त्यासाठी क्षितिज कुठं आहे ते दिसायला हवं, आणि ते त्या फिकट पेन्सिलीतच होतं. पट्टी जोडली, खांब ताठ उभे राहिले.

आणखी एक गोष्ट यातून बाहेर आली. कॅमेऱ्याची उंची जमिनीपासून खांबाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढी. उभ्या माणसाची नजर इतकी खाली नसते. आप्पांना फोन केला. म्हणाले, ‘सोप्यात उभं कोण राहतंय? आम्ही बसूनच असायचो.’ बाहेरच्या गल्लीच्या चित्रांत हीच उंची माणसाच्या नजरेइतकी आहे.

16 फेब्रुवारी

आकार मिळाला, माप नाही. एफस्पायला एक तरी खरं अंतर द्यावं लागतं, नाहीतर सोपा काडेपेटीएवढाही असू शकतो. आप्पा सांगतात, ‘पाच खणांचा सोपा.’ खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, आणि ते घराघराला वेगळं. आत्या म्हणते मोठा होता, आप्पा म्हणतात बेताचा.

माप शेवटी नव्या गावठाणात मिळालं. उठताना लोकांनी माती सोडली, पण लाकूड कुणी सोडलं नाही. तुळया, खांब, चौकटी बैलगाडीनं नव्या जागेवर आणल्या. आमच्या जुन्या तुळया आता गोठ्याच्या पत्र्याखाली आहेत. तुळईला दोन्ही टोकांना खांबाचं कूस बसायची खाच असते. या खाचेच्या मध्यापासून त्या खाचेच्या मध्यापर्यंत टेप धरली, 5 फूट 4 इंच. खांब 7 फूट 3 इंच. म्हणजे सोप्याची लांबी 26 फूट 8 इंच, ब्लेंडरच्या भाषेत 8.13 मीटर. चौकट अजून वापरात आहे, कोठीच्या खोलीला. तिचा उंबरा 9 इंच उंच.

हे माप टाकल्याबरोबर कॅमेऱ्याची उंची पाऊण मीटर आली. मांडी घालून बसलेल्या माणसाची नजर तेवढीच असते. म्हणजे आप्पांचं चित्र आणि गोठ्यातली तुळई यांचं एकमेकांशी जमलं. एका खणावरून बाकीचं घर भराभर बसलं: ओसरी, मधली खोली, चूल असलेलं घर, बळद (धान्य साठवायची जागा), परसू. माळवदाची (मातीच्या सपाट छताची) जाडी चित्रांत नीट कळत नाही. तुळई, त्यावर कड्या, किलचा आणि वर पांढऱ्या मातीचा थर मिळून दीड फूट धरली. आप्पांना दाखवलं, त्यांनी मान डोलावली.

1 मार्च

आता सगळ्या गावाचा कागद. इथं एफस्पायचा उपयोग नाही, कारण यात यथादर्शनच नाही. रस्ते वरून बघितल्यासारखे आणि घरं समोरून बघितल्यासारखी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं पाठीवर आडवी पडल्यागत. देऊळही तसंच, नदीकडं कळस करून निजलेलं. जुन्या मराठी हस्तलिखित नकाशांतही किल्ले आणि झाडं अशीच आडवी दिसतात. अशा नकाशाला हसू नका. त्यातून थ्रीडी करणं यथादर्शनापेक्षा सोपं जातं.

कृती अशी. रस्त्यांचं जाळं जमिनीवर सपाट ठेवायचं. प्रत्येक घराचं चित्र कापून वेगळा पट करायचा, त्याचा आधारबिंदू घराच्या जोत्याच्या रेघेवर ठेवायचा आणि तिथून नव्वद अंश उभा करायचा. दिवाळीचं उघडमीट भेटकार्ड असतं ना, तसं सगळं गाव उभं राहिलं. मग पटामागं खोली द्यायची. घरं किती खोल आहेत ते नकाशात नाही. ती आप्पा आणि आत्याला विचारून, खणांतच.

अडचण अंतरांची. आमच्या घरापासून मारुतीच्या पारापर्यंतच्या वाटेनं अर्धा कागद खाल्लाय. वेशीपासून नदीपर्यंतचा रस्ता उरलेल्या कोपऱ्यात कोंबलाय. जिथं आप्पांचं बालपण गेलं तिथं कागद रुंद होतो. घरांचा क्रम, वळणं, कुठल्या दारासमोर कुठलं दार, यात मात्र त्यांची चूक सापडत नाही. आत्यानं न बघता सांगितलेला क्रम हाच.

9 मार्च

जमीन. चढउतारासाठी सगळे एसआरटीएम या अमेरिकी रडार-मोजणीची उंचीची माहिती घेतात, फुकट आणि 30 मीटरला एक बिंदू. उतरवली, गोडोत चढवली, आणि गाव एका गुळगुळीत ताटावर उभं. अंमळ उशिरा डोक्यात प्रकाश पडला. ते मोजमाप अंतराळयानातून फेब्रुवारी 2000 मध्ये झालंय. रडारला पाण्याचा पृष्ठभाग दिसतो, तळ नाही. आणि तेव्हा तिथं पाणी होतं. धरणाखालच्या गावासाठी ही माहिती कुचकामी आहे. काठावरच्या टेकड्यांपुरती ठेवली.

23 मार्च

यावर तोडगा पाण्यानंच दिला. या भागात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे वाक्य दर उन्हाळ्यात ऐकू येतं. धरणाची साठवण सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात मृतसाठाच 63 टीएमसीहून जास्त. उपयुक्त साठा संपला की टक्केवारी उण्यात मोजतात. 2024 च्या उन्हाळ्यात ती उणे 50 च्याही खाली गेली होती. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं की बातम्या येतात, त्या तेव्हाच्याच.

धरणाची पाणीपातळी रोज मीटरमध्ये जाहीर होते. आणि युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहाची चित्रं 2015 पासून दर काही दिवसांची फुकट मिळतात, 10 मीटरला एक बिंदू. मग एखाद्या दिवशीचा पाण्याचा काठ म्हणजे त्या दिवशीच्या पातळीची समउंची रेषाच की! पूर्ण भरलं धरण म्हणजे 496.83 मीटर, तिथून खाली जाल तितक्या रेषा.

क्यूजीआयएसमध्ये हिरवा आणि जवळचा अवरक्त पट्टा घेऊन पाणी वेगळं काढायचं, काठाची रेघ करायची, तिला त्या तारखेची पातळी द्यायची. उतरत्या पाण्याचे दिवस निवडायचे. पावसाळ्यात ढग असतात आणि पाणी गढूळ. जलपर्णी असेल तिथं साधन पाण्यालाच जमीन समजतं, ती रेघ हातानं दुरुस्त करावी लागते. यात दोन आठवड्यांच्या संध्याकाळी गेल्या, पण सगळ्या प्रकल्पात मला सर्वांत आवडलेलं काम हेच.

पाणी उतरताना आमच्या गावठाणाचं आधी बेट होतं. जुनी गावं पांढरीवर, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडक्या घरांच्या मातीनं उंचावलेल्या जागेवर असतात. आप्पांच्या एका चित्रात वेशीतून बाहेर पडणारी बैलगाडी पुढं झुकलेली आहे. मला ती हाताची चूक वाटली होती. रेषांनी दाखवलं की तिथं खरोखर उतार आहे.

सावध राहायची गोष्ट एकच. या रेषा आजच्या तळाच्या आहेत. मधल्या वर्षांत गाळ बसलाय, नदीच्या पात्राजवळ जास्त. घाटाच्या पायऱ्या चित्रात बऱ्याच खोल उतरतात आणि माझ्या जमिनीत चार पावलांत संपतात. तिथं चित्राचं ऐकून पात्र खाली दाबलं.

6 एप्रिल

अंतरांचा निकाल लागला. अमेरिकेनं 1960 ते 1972 या काळात कोरोना नावाचे हेरगिरीचे उपग्रह सोडले होते (रोगाचा संबंध नाही). ते फिल्मवर फोटो काढत. ही फिल्म 1995 साली खुली झाली. त्यांच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर ठिकाण टाकून शोधता येतं. आधी कुणी स्कॅन करून घेतलेली पट्टी फुकट, नसेल तर एका चौकटीचे 30 डॉलर. आमच्या भागाची स्कॅन झालेली एक पट्टी ढगांनी भरलेली होती, म्हणून दुसरीचे पैसे भरले. आजवरचा सर्वांत मोठा खर्च, पण वसूल.

नंतरच्या कॅमेऱ्यांत जमिनीवरचे दोन मीटरही ओळखू येतात. आमच्या पट्टीत तितकं स्पष्ट नाही, तरी गावठाणाचा पांढुरका डाग, गल्ल्या, देवळाचं आवार, नदी असं सगळं दिसतं. धरणाआधीचं. आप्पांना फोटो पाठवला तर बराच वेळ उत्तर नाही. मग फोन, ‘आपलं घर कुठंय ते खूण करून पाठव.’

हा फोटो आडव्या फिरणाऱ्या कॅमेऱ्याचा असल्यानं कडेला ताणला जातो. क्यूजीआयएसमध्ये जागेवर बसवताना खुणा लागतात, आणि जवळच्या साऱ्या खुणा पाण्यात. काठावरच्या टेकड्या, ओढ्यांचे संगम, आणि मायनसमध्ये उघडं पडणारं देऊळ, एवढ्यांवर बसवला. पूर्ण चौकट बसवू नका. गावाभोवतीचा तुकडा कापून तेवढाच बसवा, चूक बरीच कमी होते.

आता नियम ठरला. क्रम आणि वळणं आप्पांच्या कागदावरून, अंतरं कोरोनावरून, घराची मापं लाकडावरून.

20 एप्रिल

भांडण. कागदात पिंपळाचा पार चावडीसमोर आहे. उपग्रहाच्या फोटोत चावडीसमोर मोकळं, आणि झाडाचा काळा ठिपका रस्त्यापलीकडं. मी फोटोवर विश्वास ठेवून पार हलवला. आत्यानं स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाली, ‘हे कुणाचं गाव?’

गावातल्या दोघा-तिघा म्हाताऱ्यांना विचारल्यावर उलगडा झाला. पलीकडचं झाड वडाचं, ते वादळात पडलं. चावडीसमोरचा पिंपळ तेव्हा रोप होता. पार नंतर बांधला. फोटो साठच्या दशकातला, आप्पांच्या मनातलं गाव उठायच्या वेळचं. दोघं खरे, सालं वेगळी.

मग बाकीचे कागद या नजरेनं तपासले तर ठिकठिकाणी तेच. एका चित्रात विहिरीवर मोट चाललीय, थारोळ्यात पाणी पडतंय. शेजारच्या चित्रात त्याच विहिरीवर विजेचा पंप. पिठाची गिरणी आहे आणि तिच्याच जागी जुना गोठाही आहे. स्मरणचित्रात असं होणारच. पण थ्रीडीत एका जागी एकच वस्तू उभी राहते.

साल ठरवावं लागलं. 1972 च्या दुष्काळानंतरचं आणि पहिली घरं उठायच्या आधीचं. गिरणी राहिली, पंप राहिला. मोट गेली म्हणून आप्पा नाराज. मोटेचा वेगळा प्रसंग करीन म्हणून शब्द दिलाय. हे काम पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, बरीच बांधलेली घरं पाडावी लागली.

11 मे

रंगरूप. आधी फुकट मिळणारी मातीच्या भिंतींची फोटोवरची टेक्श्चर (भिंतीवर चिकटवायचे पोत) लावली. देखणं दिसलं. आप्पा म्हणाले, ‘राजस्थान वाटतंय.’ बरोबर होतं त्यांचं, कुठल्याही खेळातलं वाळवंटातलं गाव असंच दिसतं. मग फोटो काढून टाकले आणि आप्पांच्या रेघोट्यांचंच पोत केलं. त्यांच्या कागदांवरून फिकट, मध्यम, दाट असे हॅचिंगचे चौकोन कापले, क्रिटात कडा जुळवून अखंड केले आणि सावलीप्रमाणे भिंतीवर बसवले.

जवळून सुरेख. दूर गेलं की रेघोट्या एकमेकींत मिसळून राखाडी होतात, आणि चालताना भिंती चमचमतात. गोडोत मिपमॅप (दूरसाठी पोताच्या लहान केलेल्या प्रती) चालू केल्यावर चमचम थांबली, पण दूरची घरं धुरकट झाली. उत्तर असं की दूरच्यासाठी वेगळं, विरळ आणि जाड रेघोट्यांचं पोत करायचं आणि शेडरमध्ये (पृष्ठभाग कसा दिसावा हे ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) अंतरानुसार एकातून दुसऱ्यात जायचं. शेडर मला येत नाही. ऑफिसातल्या एका मुलानं दुपारच्या सुट्टीत लिहून दिलं.

घरांच्या कडांची शाईची रेघ सोपी निघाली. ब्लेंडरमध्ये घरावर सॉलिडिफायचं पातळ कवच चढवायचं, त्याची तोंडं उलटी करायची, काळा रंग द्यायचा आणि समोरची बाजू दिसणार नाही असं करायचं. कडेला फक्त काळी किनार उरते. ती सगळीकडं सारख्या जाडीची येते, आप्पांची रेघ सुरुवातीला जाड आणि शेवटी बारीक. अजून जमलेलं नाही.

25 मे

गोडोत चालणं. ब्लेंडरमधून जीएलटीएफ (थ्रीडी आकाराची फाइल) काढताना मापं आधी पक्की करून घ्या, नाहीतर गोडोत दिसणाऱ्या घराला एक माप आणि चालणारा जिथं धडकतो त्या भिंतीला दुसरंच, असा घोळ होतो. माझा झाला.

पण खरी गंमत उंबऱ्यांची. 9 इंचांचा उंबरा खरा आहे, टेपनं मोजलेला. गोडोतला चालणारा मात्र पाय उचलत नाही, तो घसरत जातो. प्रत्येक दारात अडकला. घाटावर पहिल्या पायरीला थांबला. इंटरनेटवर सगळे सांगतात की पायरी कमी करा. ते मला मान्य नाही, आमच्या घरात उंबरा तेवढाच होता. उंबऱ्यावर आणि पायऱ्यांवर न दिसणारा उतार ठेवला. दिसतो उंबरा, पाय चढतो उतारावर. शिवाय दारातून जाताना नजर जराशी वर होऊन खाली येते, म्हणजे उंबरा ओलांडल्यासारखंच वाटतं.

माळवदाच्या सवण्यातून (छतातल्या झरोक्यातून) येणारा कवडसाही इथंच अडला. मोबाइलवर खरी सावली परवडत नाही, म्हणून कवडसा जमिनीवर रंगवून टाकला. तो सरकत नाही, कायम साडेदहाचाच असतो.

या आठवड्यात उघडा घाट प्रत्यक्ष बघायला जायचं ठरलं होतं. यंदा मे महिन्यातच इंदापूर-बारामतीकडं पावसानं झोडपलं, धरणात पाणी यायला लागलं. आता पुढच्या उन्हाळ्यात.

15 जून

घरच्यांसमोर पहिली चाचणी. आत्याच्या साध्या अँड्रॉइड फोनवर गाव उघडायला मिनिट लागलं आणि फोन तापला. प्रत्येक झाडाचं प्रत्येक पान वेगळं मोजलं जात होतं. पानं एकत्र मल्टिमेशमध्ये (एकच वस्तू अनेकदा काढायची गोडोची सोय) टाकली आणि गोडोचा हलका रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा भाग) निवडला. आता चालतं, दचके देत.

मित्राकडून डोळ्यांवर लावायचा व्हीआर हेडसेट मागून आणला होता. म्हाताऱ्या माणसांना सरळ चालत नेऊ नका. आप्पांना गल्लीत दहा पावलांत गरगरलं, बसवावं लागलं. नंतर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी घेण्याची सोय केली आणि त्यांना सोप्यात बसवलं, नजर पाऊण मीटरवर. तिथं मात्र ते बराच वेळ रमले. त्यांनी दुरुस्त्यांची यादी दिली. देवळी डाव्या भिंतीत आहे, उजव्या नाही. बळदाचं तोंड लहान. दावणीला बैल दोन नव्हे, चार.

आत्यानं हेडसेट लावलाच नाही. टीव्हीला लॅपटॉप जोडून तिला दाखवलं, मी बटणं दाबत होते आणि ती वाट सांगत होती. ‘आता उजवीकडं वळ. थांब, पुढं जाऊ नको, तिथं कुत्रं असायचं.’ याच प्रकारे सर्वांत जास्त माहिती मिळाली. हेडसेट लावलेला माणूस एकटा बघतो, टीव्हीसमोर दहा जण भांडतात. पुढच्या सगळ्या चाचण्या टीव्हीवरच.

29 जून

खर्चाचा हिशेब, विचारलं गेलं म्हणून. स्कॅनिंग दोनदा, कोरोनाची एक चौकट, लॅपटॉपला वाढीव रॅम, आणि गावी जायचं-यायचं एसटीचं. सगळं मिळून दहा हजारांच्या आत. वेळेचा हिशेब करत नाही, घरात भांडणं होतील.

राहिलेलं: काळ्या रेघेची जाडी, मोटेचा प्रसंग, घाटाच्या खालच्या पायऱ्या, तालमीचा आतला भाग (आप्पा तालमीत कधी गेले नाहीत, ते चित्र बाहेरूनच आहे).

टीव्हीवरचं बघून गल्लीतल्या दोन घरांनी आपापली घरं मागितलीत. सध्या ती नुसती पटं आहेत, मागे खोली नाही. एकानं लग्नपत्रिकेच्या पाठीवर बॉलपेननं घर काढून दिलंय, दारं कुठं आणि चूल कुठं एवढंच. काम होण्यासारखं आहे, माप तेवढं नाही. त्यांच्या जुन्या तुळया नव्या घरी पोटमाळ्याला आहेत म्हणे. पुढच्या रविवारी टेप आणि शिडी घेऊन जाणार आहे.